भरतीत धावायचं, नोकरीत लिहायचं: शहरातला पोलीस अधिकारी नेमकं काय करतो?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की राज्यभरातली मैदानं पहाटेपासून भरू लागतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते धावणाऱ्यांचे. त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दुसऱ्या बातम्या असतात: 'आयुक्तांचा मनाई आदेश', 'सराईत दोघे शहरातून तडीपार', 'परिमंडळ दोनच्या उपायुक्तांची कारवाई'. यातला आयुक्त कोण, उपायुक्त कोण, शेजारच्या जिल्ह्यात हीच कामं अधीक्षक आणि प्रांत (महसूल खात्याचा उपविभागीय अधिकारी) का करतात, आणि आपली गाडी चोरीला गेली तर यांच्यापैकी कुणासमोर उभं राहायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यातच १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पाठ झालेली कलमं बदलली. म्हणून हा लेख, महाराष्ट्रातल्या शहर पोलिसांपुरता.

शहराला आयुक्त, जिल्ह्याला अधीक्षक

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय. महाराष्ट्रात त्यासाठी १९५१ चा कायदा आहे. आधी तो मुंबई पोलीस कायदा होता, आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. या कायद्याने पोलिसांचे दोन साचे केले आहेत. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी. मोठ्या शहरात पोलीस आयुक्त. आयुक्ताच्या हद्दीला आयुक्तालय म्हणतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर ही त्यातली जुनी नावं. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आणि २०२० मध्ये मीरा-भाईंदर वसई-विरार यांची भर पडली.

हा फरक नुसत्या पाटीचा नाही. जिल्ह्यात गुन्ह्याचा तपास पोलीस करतात, पण जमावबंदीचा आदेश काढणं, शांतता भंग होईल म्हणून एखाद्याकडून बाँड लिहून घेणं ही कामं महसूल खात्याकडे असतात: जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार. त्यांना कार्यकारी दंडाधिकारी म्हणतात. आयुक्तालयात यातले बरेच अधिकार पोलिसांकडेच असतात. कारण सरळ आहे. शहरात दुपारी अफवा पसरली तर संध्याकाळपर्यंत फाईल दुसऱ्या कचेरीत पाठवून सहीची वाट बघत बसता येत नाही. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाख्यांच्या शहरांना तेव्हाच आयुक्त होते. मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त फ्रँक सूटर १८६४ मध्ये नेमले गेले.

वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला तोच मनाई आदेश पुन्हा छापून येतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. पोलीस कायद्याच्या कलम ३७ (३) खाली जमाव आणि मिरवणुकांवर घातलेली बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ती संपते आणि नव्याने निघते.

खांद्यावर काय आहे ते आधी बघा

खालून वर जाऊ. पोलीस शिपाई, हवालदार, सहायक फौजदार म्हणजे एएसआय, मग फौजदार म्हणजे पोलीस उपनिरीक्षक (पीएसआय), सहायक पोलीस निरीक्षक (एपीआय), पोलीस निरीक्षक (पीआय). बऱ्याच शहरांत ठाण्याचा प्रमुख हा वरिष्ठ पोलीस निरीक्षक, बोलीभाषेत 'सीनियर'. दोन-चार ठाण्यांचा मिळून एक विभाग, त्यावर सहायक आयुक्त (एसीपी). काही विभागांचं एक परिमंडळ, त्यावर उपायुक्त (डीसीपी). त्याच्या वर अपर आयुक्त, मोठ्या शहरांत सह आयुक्त आणि शेवटी आयुक्त. जिल्ह्यातला डीवायएसपी म्हणजे शहरातला एसीपी; जिल्ह्यातला एसपी म्हणजे शहरातला डीसीपी. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या बातम्या कळायला लागतात.

तारे मोजून फसगत होते. पीआयच्या खांद्यावर तीन तारे आणि एसीपीच्याही तीनच. फरक फितीचा: पीआयच्या ताऱ्यांखाली लाल-निळी फीत असते, एसीपीच्या नसते. फितीजवळची धातूची अक्षरंही वाचावीत. 'मपोसे' म्हणजे महाराष्ट्र पोलीस सेवा, 'भापोसे' म्हणजे भारतीय पोलीस सेवा, म्हणजे आयपीएस.

हुद्द्याचं महत्त्व मानापुरतं नाही, कायद्यातच ते बांधलेलं आहे. बँकेत जसं अमुक रकमेपर्यंतचं कर्ज शाखाधिकारी मंजूर करतो आणि त्यापुढची फाईल वर जाते, तसंच इथे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास डीवायएसपी किंवा एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा १९९९ चा कायदा, त्याखाली आरोपीचा कबुलीजबाब नोंदवायला एसपी किंवा डीसीपी दर्जा लागतो. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेऊन गेल्यावर 'साहेब येऊ द्या' असं उत्तर मिळतं, त्यामागे कधीकधी टाळाटाळ असते. पण ठाण्यात निरीक्षक दोन किंवा तीन आणि तक्रारी ढीगभर, हे गणितही असतं. (पैसे गेले असतील तर साहेबांची वाट न बघता आधी १९३० हा क्रमांक लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तर आली.)

या खुर्चीपर्यंत पोहोचायचे रस्ते

रस्ते मुख्यतः चार.

पहिला शिपाई भरतीचा. बारावी उत्तीर्ण, खुल्या प्रवर्गासाठी वय १८ ते २८, राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. उंची पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान पाच सेंटिमीटर जास्त. मैदानी चाचणी ५० गुणांची: पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावले जातात. लेखी १०० गुणांची: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण.

दुसरा फौजदारकीचा, एमपीएससीतून. त्याला पदवी लागते, वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला साधारण १९ ते ३१, उंची पुरुषांना १६५ आणि महिलांना १५७ सेंटिमीटर. पूर्व, मुख्य, मैदानी आणि मुलाखत असे टप्पे, मग नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण. फौजदाराच्या सगळ्या जागा बाहेरून भरत नाहीत. खात्यातल्या अंमलदारांतून बढतीनेही माणसं येतात. म्हणून ठाण्यात शेजारशेजारच्या टेबलांवर पंचविशीतला फौजदार आणि पंचावन्नचा फौजदार दिसतात. पहिल्याला कलमं पाठ असतात, दुसऱ्याला वस्ती.

तिसरा रस्ता एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून थेट डीवायएसपी किंवा एसीपी होण्याचा. चौथा यूपीएससीतून आयपीएसचा, हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीमार्गे.

आता माझी तक्रार. शिपाई आणि फौजदार, दोन्ही पदांची लेखी परीक्षा बहुपर्यायी आहे. चारांतला एक गोल काळा करायचा. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर 'समोर जे घडलं ते पानभर नीट लिहून दाखवा' असं उमेदवाराला सांगितलं जात नाही. आणि नोकरीत रुजू झाल्यावर त्याला रोज तेच करायचं असतं.

कायद्याने सांगितलेलं काम

पोलीस कायद्याचं कलम ६४ अपेक्षित तेच सांगतं: समन्स-वॉरंट बजावणं, दखलपात्र गुन्ह्यांची माहिती काढणं, गुन्हा होऊ न देणं, ज्याला पकडायला हवं त्याला विनाकारण उशीर न लावता पकडणं. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा: चोरी, दरोडा, खून. बाकीचे अदखलपात्र, ज्याची ठाण्यात 'एनसी' होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही.

कलम ६६ मात्र मुद्दाम वाचण्यासारखं आहे. रस्त्यात असहाय पडलेल्या माणसाला मदत करणं. ताब्यातला आरोपी जखमी किंवा आजारी असेल तर उपचार मिळवून देणं, त्याच्या जेवणाची आणि निवाऱ्याची सोय बघणं. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा न करणं. स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने वागणं. आगीने होणारं नुकसान टाळायची धडपड करणं. हे सगळं उपदेश म्हणून नाही, कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. सौजन्याचा फलक ठाण्यात लावायची खरं तर गरजच नव्हती. कायद्यात ते १९५१ पासून आहे.

कलम २८ सांगतं की रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस कायम कर्तव्यावरच मानला जातो. शिफ्ट संपली, घरी गेला, तरी कायद्याच्या नजरेत तो ड्युटीवर. सणाच्या बंदोबस्तात सुट्ट्या रद्द होतात त्या याच तर्काने. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा त्याची बातमी झाली. आठ तास काम ही बातमी व्हावी, यातच काय ते आलं.

ठाण्यात दिवस कसा जातो

समजा रात्री साडेनऊला एका बाईंच्या गळ्यातली चेन दोघांनी मोटारसायकलवरून येऊन खेचली. त्या ठाण्यात येतात. (चौकीत नव्हे. चौकी ही ठाण्याची शाखा. गुन्हा नोंदला जातो तो ठाण्यात.) समोर ठाणे अंमलदार बसलेला असतो, म्हणजे त्या पाळीत आलेली प्रत्येक वर्दी नोंदवून घेणारा कर्मचारी. ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत, वेळ टाकून नोंद होते. मग बाईंची फिर्याद. त्या रडत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत सांगतात. अधिकाऱ्याला त्यातून वेळ, जागा, दिशा, वर्णन असं क्रमाने कागदावर आणायचं असतं. ते वाचून दाखवून त्यांची सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. हा एफआयआर, प्रथम खबर. डीबी पथक, म्हणजे गुन्हे उघडकीला आणणारी साध्या वेशातली ठाण्याची टोळी, तोवर सीसीटीव्हीच्या मागे लागलेली असते.

तिकडे फौजदार दोन पंच घेऊन जागेवर. पंचनामा लिहायचा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दिव्याचा खांब किती फुटांवर, उजेड किती. पुढे चोर सापडला आणि चेन मिळाली, तर जप्ती पंचनाम्यात सहसा 'सोन्याची चेन' लिहीत नाहीत. 'सोन्यासारख्या दिसणाऱ्या पिवळ्या धातूची चेन' असं लिहितात. हसू येतं, पण बरोबर आहे: ते सोनं आहे की नाही हे सांगायला पोलीस सराफ नाही. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. उद्या वितळवून नकली निघालं तर 'खरी चेन ठाण्यात बदलली' असा आरोप व्हायला जागा राहत नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने यात मोबाइल आणला आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावं लागतं. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, अशीही तरतूद आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे.

मग साक्षीदारांचे जबाब, केस डायरी, प्रयोगशाळेला पत्र, मुद्देमालाची नोंद, दोषारोपपत्र. आरोपी कोठडीत असेल तर हे गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत न्यायालयात पोहोचलं पाहिजे. एकसष्टाव्या दिवशी पोहोचलं तर तोवर आरोपीला जामिनाचा हक्क मिळून गेलेला असू शकतो, मग पुरावा कितीही भक्कम असो. चोर पाठलाग करून पकडला तो एका रात्रीत. तो आत राहतो की बाहेर येतो, हे पुढच्या दोन महिन्यांच्या लिखाणावर ठरतं. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब तर सर्वसाधारणपणे पुरावा म्हणून चालतच नाही. 'बोलता केला' या बढाईला न्यायालयात शून्य किंमत आहे. मोक्कासारखे अपवाद सोडले, तर.

"हे कायद्यात असेल हो, पण आमची तक्रारच घेत नाहीत"

हा आक्षेप खरा आहे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. नवीन संहितेच्या कलम १७३ ने एक सवलत ठेवली आहे: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. 'बघू, चौकशी करतो' हे उत्तर त्यापलीकडे टिकत नाही.

'ही आमची हद्द नाही' हेही नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरीही नकार आला, तर तक्रार टपालाने अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, पाठवायची आणि तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज. नोंद झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. हा नियम बहुतेक फिर्यादींना माहीत नसतो, त्यामुळे कुणी विचारत नाही.

"बोलावलं की जावंच लागतं ना?"

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी हुकूम लागतो, आणि तोही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला. पंधरा वर्षांखालचे आणि साठीवरचे पुरुष, सर्व वयांच्या स्त्रिया, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही; अधिकाऱ्याने त्यांच्या घरी जायचं. जबाब दिल्यावर 'इथे सही करा' असं कुणी म्हणालं तर हेही माहीत असावं: तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. फिर्यादीवर सही, पंचनाम्यावर पंचांची सही, जबाबावर नाही.

अटकेचे नियम बरेचसे १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची तर प्रसंग अपवादात्मक हवा, महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरच्या माणसाला एसीपींच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, ही नव्या संहितेची भर.

"पकडणारेही तेच आणि सुनावणी घेणारेही तेच?"

आयुक्तालयावरचा हा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि मला तो पटतो. चॅप्टर केस घ्या. एखादा माणूस पुढे शांतता भंग करील असा ठाण्याचा अहवाल. त्यावर त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्यायचा की नाही, याची सुनावणी आयुक्तालयात एसीपीपुढे होते. अहवाल पाठवणारा पीआय याच एसीपीच्या हाताखालचा. तडीपारीतही तसंच: प्रस्ताव ठाण्याचा, आदेश उपायुक्तांचा, मुदत दोन वर्षांपर्यंत. जिल्ह्यात मधे निदान दुसऱ्या खात्याचा प्रांत असतो. समर्थक म्हणतात की प्रांतालाही पोलिसांच्या अहवालावरच विसंबावं लागतं, मग फरक काय? फरक इतकाच की त्याला 'नाही' म्हणायला वरिष्ठांचा धाक नसतो. तडीपारीविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं आणि उच्च न्यायालयाचा दरवाजा आहेच. पण हातावर पोट असलेल्या माणसाला तोवर घर सोडून जावं लागतं.

"मग शिपायालाही पदवीची अट घाला"

शिपाई भरतीत पदवीधर, अगदी पदव्युत्तर मुलंमुलीही रांगेत असतात. अट बारावीची असली तरी स्पर्धा तिथे थांबलेली नाही. पदवीने पंचनामा चांगला होतो असंही दिसत नाही. उपयोग होईल तो तपास करणारे हात वेगळे काढण्याचा. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या सुधारणांत हीच एक होती: तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, सुरुवात मोठ्या शहरांपासून करा. आजही सकाळी जबाब घेणाऱ्या फौजदाराला दुपारी मोर्चाच्या बंदोबस्ताला जावं लागतं आणि केस डायरी रात्री घरी जाण्याआधी उरकावी लागते. तिच्यातल्या चुका मग बचाव पक्षाचा वकील दोन-तीन वर्षांनी उलटतपासणीत एकेक करून वाचून दाखवतो.

त्याच निकालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभागीय पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, जमीन बळकावणं, कायद्याची प्रक्रिया डावलून केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, अशा तक्रारी तिथे करता येतात. अर्जासोबत ठाण्याचं नाव, तारीख, वेळ आणि शक्य झाल्यास अधिकाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहून ठेवलेलं असावं. स्टेशन डायरीतली नोंद आणि तुमचं टिपण यांची वेळ जुळते की नाही, हे मग ताडून बघता येतं.